नक्षी शाबूत, टायर म्हातारा: मोटरहोमचे टायर कधी बदलायचे?

मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, नव्याने घेतलेल्या माणसाला टायर बघायला सांगितलं, की तो वाकतो, नक्षीच्या खाचेत नख घालतो, "भरपूर आहे की!" म्हणतो आणि हात झटकून उभा राहतो. कारच्या बाबतीत एवढ्यावर भागतं. कार रोज पळते, त्यामुळे तिचा टायर आधी घासतो. म्हातारा व्हायला त्याला सवडच मिळत नाही. मोटरहोमचं उलट आहे. वर्षातले आठ-दहा महिने ती एका जागी उभी असते, आणि निघाली की अख्खा संसार अंगावर घेऊन तापलेल्या डांबरावर तासन्‌तास पळते. नक्षी अजून निम्मीही झिजलेली नसते, तोवर रबर मरून गेलेलं असतं.

म्हणून नक्षीचं आधीच उरकून टाकतो. खाचेच्या तळाशी एक आडवा उंचवटा असतो. नक्षी झिजून त्याच्या पातळीला आली म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, टायर संपला. एवढ्या वजनाच्या गाडीचा टायर मी तर ३ मिलिमीटरलाच काढतो, कारण ओल्या रस्त्यावरचं पाणी बाहेर फेकायला खोल खाच लागते. आता वयाकडे येऊ.

माझी पहिली मोटरहोम वापरलेली होती. विकणारा गृहस्थ सरळ होता, फसवायचा हेतू नव्हता. "टायर नव्यासारखेच आहेत, किलोमीटर किती झालेत ते बघा ना," असं तो म्हणाला आणि ते खरंच होतं. नक्षी चांगली ९ मिलिमीटर. मागे प्रत्येक बाजूला दोन-दोन टायर. बाहेरच्या टायरवरचे आकडे वाचले, तर चार वर्षांचा. मी खूश. तीन आठवड्यांनी सांडपाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह गळतोय म्हणून गाडीखाली सरपटत गेलो, टॉर्चचा उजेड सहज आतल्या टायरवर पडला आणि तिथले आकडे वाचून तसाच पाठीवर पडून राहिलो. अकरा वर्षं! एकाच एक्सलवर शेजारी शेजारी, बाहेरचा चार वर्षांचा आणि आतला अकरा. कुणीतरी कधीतरी दिसणारे टायर बदलले होते आणि न दिसणारे तसेच राहू दिले होते.

तेव्हापासून मी ज्या क्रमाने टायर बघतो, तोच खाली देतोय.

पायरी १ : जन्मतारीख शोधा

टायरच्या भिंतीवर, म्हणजे साइडवॉलवर, 'डीओटी' (DOT) अशी अक्षरं आणि त्यापुढे अक्षरं-आकड्यांची एक माळ असते. आपल्या कामाचे शेवटचे चार आकडे. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. ३५१९ म्हणजे २०१९ सालचा ३५वा आठवडा, म्हणजे ऑगस्टची अखेर. शेवटी तीनच आकडे असतील, तर तो टायर २००० सालाच्या आधीचा आहे. त्याच्यासाठी हा लेख पुढे वाचायची गरज नाही.

नवख्यांची गोची इथेच होते. पूर्ण माळ बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असते. दुसऱ्या बाजूला अर्धवट माळ असते, तारखेशिवाय. त्यामुळे बाहेरून आकडे दिसले नाहीत, तर 'नसतीलच' असं समजून सोडून देऊ नका, ते पलीकडे आहेत. गाडी सपाट, टणक जागी लावा, हँडब्रेक ओढा, चाकांना पुढून-मागून अडसर लावा आणि मगच खाली जा. जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कधीही जायचं नाही. सरपटायचं नसेल तर मोबाइल एका काठीला बांधा, त्याचा टॉर्च चालू ठेवा आणि टायरभोवती सावकाश फिरवत व्हिडिओ काढा. आकडे नेमके जमिनीकडच्या बाजूला आले असतील, तर गाडी हातभर पुढे घ्यावी लागते. माती ओल्या फडक्याने पुसा. तरी वाचता आलं नाही तर खडू आडवा धरून त्यावरून घासा, काळ्यावर पांढरे आकडे उठून दिसतात.

मग एका कागदावर गाडीचा चौकोन काढून प्रत्येक चाकापाशी त्याचे चार आकडे लिहा. स्टेपनी विसरू नका. बिलावरची तारीख इथे धरायची नाही. दुकानात दोन वर्षं पडून राहिलेला टायर तुम्ही काल बसवला असेल, तरी तो दोन वर्षांचाच.

ही माळ आणखी एका कामाची आहे. एखाद्या टायरमध्ये दोष सापडला, तर कंपनी तो परत बोलावते आणि परत बोलावलेले टायर या माळेवरूनच ओळखतात. गुडइयर कंपनीने जून २०२२ मध्ये जी१५९ मॉडेलचे, २७५/७० आर २२.५ मापाचे सुमारे १,७३,००० टायर परत बोलावले. ते अनेक मोटरहोमना बसवलेले होते, नक्षीचा थर सुटून येण्याचा धोका होता आणि ते बनले होते १९९६ ते २००३ या काळात. कुठल्यातरी शेडमध्ये वीस-वीस वर्षं उभ्या असलेल्या गाड्यांवर असे टायर अजून असू शकतात. 'आजोबांची गाडी, जेमतेम चालवलेली' अशी जाहिरात दिसली की मला हेच आठवतं.

पायरी २ : वयाची रेघ ठरवा

रबर दोन्ही बाजूंनी म्हातारं होतं. आतली दाबलेली हवा टायरच्या थरांमधून हळूहळू बाहेर झिरपत असते. तिच्यातला ऑक्सिजन पोलादी तारांच्या पट्ट्यांमधलं रबर वाळवत नेतो, कडक करतो. हे बाहेरून दिसत नाही. बाहेरून ऊन आणि हवेतला ओझोन पृष्ठभागाला चिरा पाडतात. त्यावर उपाय म्हणून कारखान्यात रबरात मेण आणि ओझोनरोधक रसायनं मिसळलेली असतात. टायर फिरला, लवला की ती वर येतात आणि एक पातळ संरक्षक थर धरतात. उभ्या गाडीचा टायर लवतच नाही, त्यामुळे तो थर नव्याने येत नाही. 'आम्ही गाडी फारशी वापरतच नाही' हे मालक अभिमानाने सांगतो, पण टायरच्या दृष्टीने तेच वाईट. आणि स्टेपनी एक मीटरही पळालेली नसली तरी हवा भरलेली असते, म्हणजे आतून वाळणं तिचंही चालूच.

उष्णता हे सगळं भराभर घडवते. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २००७ साली तिथल्या संसदेला दिलेल्या अहवालात एका विमा कंपनीचे आकडे आहेत. तिचे २७ टक्के ग्राहक टेक्सास, कॅलिफोर्निया, लुइझियाना, फ्लोरिडा आणि ॲरिझोना या पाच उष्ण राज्यांतले होते, पण टायरसंबंधीचे ७७ टक्के दावे तिथून आले होते. त्या दाव्यांतले ८४ टक्के टायर सहा वर्षांपेक्षा जुने होते.

मग रेघ कुठे मारायची? काही वाहन कंपन्या सहा वर्षं म्हणतात. मिशलँ ही टायर कंपनी म्हणते, पाच वर्षं वापरात झाली की दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या आणि बनल्यापासून दहा वर्षं झाली की कसाही दिसत असला तरी काढा, स्टेपनीसकट. पण ही दहा वर्षं म्हणजे शेवटची हद्द आहे, तिथवर टायर ओढायलाच हवा असं कुणी म्हटलेलं नाही. लोक मात्र ती हमी असल्यासारखी वाचतात.

माझी स्वतःची रेघ अशी. पाचव्या वर्षापर्यंत नेहमीची तपासणी. पाचव्यानंतर वर्षातून एकदा टायर रिमवरून उतरवून आतून बघून घ्यायचा. गाडी उन्हात उभी राहत असेल किंवा काठोकाठ भरून चालत असेल तर सातव्या वर्षी नवे टायर. सावलीत, झाकलेली, मोजक्या वजनाची असेल तर आठव्या. नववं वर्ष मी बघतच नाही. तुमचं धोरण थोडं वेगळं असू शकतं, पण आकडा आधी ठरवून कागदावर लिहून ठेवा. सहल तोंडावर आली, सामान भरून झालं, पोरं गाडीत जाऊन बसली, की आपल्याच गाडीचा टायर आपल्याला फार तरुण दिसायला लागतो.

पुढच्या चाकांच्या बाबतीत आणखी कडक राहा. ब्रिटनमध्ये २०१२ साली एका बसचा पुढचा टायर फुटून तीन जणांचा जीव गेला. तो टायर साडेएकोणीस वर्षांचा निघाला. टायरच्या वयाबद्दल तिथे तेव्हा कायदाच नव्हता. १ फेब्रुवारी २०२१ पासून इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये ट्रक आणि बसच्या पुढच्या एक्सलवर, तसंच मिनीबसच्या सगळ्या एकेरी चाकांवर दहा वर्षांचा किंवा त्याहून जुना टायर चालत नाही. पुढचा टायर गेला की स्टिअरिंगच हातातून जातं, म्हणून नियम त्या चाकापासून सुरू झाला.

पायरी ३ : भेगा वाचा

टायर धुऊन, वाळवून बघा. साधं साबणपाणी आणि मऊ ब्रश. दुकानात मिळणारं काळं चकचकीत पॉलिश लावू नका. पेट्रोलियम किंवा अल्कोहोल असलेली पॉलिशं ते संरक्षक मेणच काढून नेतात, शिवाय भेगा बुजल्यासारख्या दिसतात. जुनी गाडी बघायला गेलात आणि टायर आरशासारखे चमकत असले, तर फडकं मागून घ्या आणि आधी ती चमक पुसा.

टॉर्च टायरला जवळजवळ चिकटवून आडवा धरा. समोरून प्रकाश टाकला की भेगा लपतात, आडव्या प्रकाशात त्यांची सावली पडते. साइडवॉलवर केसासारख्या बारीक रेषांचं जाळं पाच-सहा वर्षांच्या टायरवर दिसू शकतं. त्याने घाबरायचं कारण नाही. प्रश्न खोलीचा आहे. मोटरहोमच्या टायरसाठी सर्रास पाळलं जाणारं माप असं: भेग ०.८ मिलिमीटरपेक्षा उथळ असेल तर टायर चालवता येतो, ०.८ ते १.६ मिलिमीटर असेल तर टायर संशयित, टायरवाल्याला दाखवायचा, १.६ च्या पुढे गेली तर टायर लगेच काढायचा. नक्षीची खोली मोजायचं जे छोटं माप मिळतं, त्याच्या टोकाने हे मोजता येतं. टोक अलगद टेकवा, खुपसू नका. माप नसेल तर नख वापरा. नख भेगेवरून सरकून गेलं तर ठीक, अडकलं तर मोजायची वेळ आली.

भेग कुठे आहे हेही बघायचं. साइडवॉलच्या मधल्या भागात टायर सगळ्यात जास्त लवतो. नक्षीच्या खाचेचा तळ आणि नक्षी जिथे संपते तो खांदा, या ठिकाणच्या भेगा मला जास्त खटकतात, कारण पोलादी पट्टे आणि त्यांच्या कडा तिथेच खाली असतात. एकदा का पाणी तारेपर्यंत पोचलं, की आतून गंज धरतो. भेगेतून तार किंवा दोऱ्याचं कापड दिसलं, तर त्या टायरवर गाडी घरापर्यंतही न्यायची नाही.

भेगा नाहीत म्हणजे टायर धडधाकट, असं मात्र समजू नका. सावलीत, झाकून ठेवलेला नऊ वर्षांचा टायर बाहेरून तुकतुकीत दिसतो आणि आतून वाळून गेलेला असतो. माझा तो अकरा वर्षांचा आतला टायर बाहेरच्यापेक्षा देखणा होता! ऊन त्याला कधी लागलंच नव्हतं.

पायरी ४ : हात फिरवा

हातमोजे घाला. तार बाहेर आलेली असेल तर बोट चिरतं. नक्षीवरून तळवा आडवा फिरवा, मग गोलाकार फिरवा. एका जागी उंचवटा, लाटेसारखी चढ-उतार किंवा एखादाच पट्टा जास्त घासलेला लागला, तर आतले पोलादी पट्टे एकमेकांपासून सुटत असल्याची शंका घ्या. चालत्या गाडीत हेच ठराविक वेगाला येणाऱ्या धडधडीच्या रूपात कळतं. बॅलन्सिंग करूनही धडधड जात नसेल, किंवा आठवड्याभरात वाढली असेल, तर बॅलन्सिंगवर आणखी पैसे घालवू नका, टायर उतरवून बघा.

साइडवॉलवर फुगा आला म्हणजे आतले दोरे तुटले. फुगा कितीही लहान असो, वय कितीही कमी असो, टायर बाद. याउलट साइडवॉलवर उभी खोलगट रेघ दिसली, तर ती बहुधा कापडाच्या जोडाची असते, त्यात घाबरण्यासारखं नाही. फरक सोपा आहे: फुगा बाहेर येतो, जोडाची रेघ आत जाते.

जोडी टायर असतील तर मधल्या फटीत दगड अडकलाय का ते बघा. दोन्हींच्या भिंती एकमेकींना घासल्याच्या खुणा असतील, तर हवा कमी होती किंवा वजन जास्त होतं.

पायरी ५ : वजन आणि हवा, म्हणजे टायरचा पूर्वेतिहास

दोन टायर एकाच आठवड्यात बनलेले असले, तरी एक चांगला आणि दुसरा मरायला टेकलेला असू शकतो. कारण त्यांनी काय सोसलंय ते वेगळं असतं. मोटरहोमचं वजन दोन्ही बाजूंना सारखं कधीच नसतं. एका बाजूला फ्रिज, पाण्याची टाकी, बॅटऱ्या, दुसऱ्या बाजूला नुसता दरवाजा. प्रवासाला निघतो तशी गाडी भरा. टाक्या, कपडे, सायकली, माणसं, सगळं घेऊन वजनकाट्यावर जा. आधी पुढचा एक्सल, मग मागचा. आणि जमलं तर प्रत्येक बाजू वेगळी. माझ्या मागच्या दोन बाजूंत तब्बल १८० किलोंचा फरक निघाला. जड बाजूला कोणाचं सामान होतं, ते सांगत बसत नाही.

टायरवर मापानंतर एक भार-क्रमांक असतो. ११६ म्हणजे १,२५० किलो, ११८ म्हणजे १,३२० किलो, १२१ म्हणजे १,४५० किलो, तेही पूर्ण हवा असताना. '१२१/१२०' असं दिसलं तर पहिला आकडा एकेरी चाकासाठी, दुसरा जोडीत लावल्यावरचा. जोडीत प्रत्येक टायरची ताकद थोडी कमी धरतात. तुमच्या चाकावरचं खरं वजन या आकड्याला जवळजवळ भिडत असेल, तर तो टायर रोज कमाल भार वाहतोय आणि तुमची वयाची रेघ एखाद-दुसरं वर्ष अलीकडे ओढा.

हवा थंड टायरमध्ये बघायची, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असताना. बारा-पंधरा तास उभी असेल तर उत्तमच. किती भरायची ते वजनानुसार टायर कंपनीच्या तक्त्यात मिळतं. साइडवॉलवर छापलेला आकडा कमाल भारासाठीचा असतो. युरोपात खास मोटरहोमसाठी बनणाऱ्या टायरवर 'सीपी' अशी खूण असते. मागच्या एकेरी चाकात अशा टायरला साधारण ५.५ बार, म्हणजे ८० पीएसआय हवा लागते. कारच्या सवयीने कुणी तिथे ३५ भरली, तर टायर काही तासांत स्वतःच्याच उष्णतेने शिजतो. चालून आल्यावर हवा वाढलेली दिसेल. ८० पीएसआयच्या टायरमध्ये तापमान १० अंश सेल्सियसने चढलं, तर दाब साधारण ३ पीएसआयने चढतो. ती वाढलेली हवा सोडायची नाही. हिशोब त्याच भरवशावर केलेला असतो.

आणि हा नियम भिंतीवर लिहून ठेवा: ठरलेल्या हवेपेक्षा २० टक्क्यांनी कमी हवेवर चाललेला टायर पंक्चर समजायचा. ८० ची ६४ झाली असेल आणि तशीच पळवली असेल, तर नुसती हवा भरून पुढे जाऊ नका. साइडवॉलमधले दोरे किंवा पोलादी तारा वाकून वाकून तुटलेल्या असू शकतात, आणि तसं असेल तर हवा भरतानाच भिंत चेन उघडल्यासारखी फाटते. ट्रकच्या मापाच्या टायरमध्ये हा स्फोट समोरच्या माणसाचा जीव घेऊ शकतो. असा टायर उतरवून, आतून तपासूनच पुन्हा भरायचा, तोही स्फोट अडवणाऱ्या लोखंडी पिंजऱ्यात ठेवून. जोडीतला एक बसला, तर त्याचा सगळा भार शेजाऱ्याने वाहिलेला असतो. तो चांगला दिसला तरी त्याचीही तपासणी करायची. काठीने टायर ठोकून आवाजावरून हवा ओळखायची जुनी पद्धत जोडी टायरला तर सोडूनच द्या. माप लावा. प्रत्येक चाकाचा दाब आणि तापमान दाखवणारे सेन्सर बसवून घेतलेत तर अधिकच चांगलं, कारण मागच्या जोडीतला एक टायर बसला तरी ड्रायव्हरच्या सीटवर काहीच जाणवत नाही.

पायरी ६ : निर्णय

आता कागदावर प्रत्येक चाकापुढे वय, भेगा, हाताला लागलेलं आणि वजन हे सगळं आलं. फुगा, उघडी तार, खोल भेग, उंचवटा, कमी हवेवर पळालेला टायर यातलं काहीही एक असेल, तर वय बघायचं कारण नाही, आजच काढा. दहा वर्षांपुढचा असेल तर बाकीचं बघायचं कारण नाही. मधल्या सगळ्या टायरांना तुमची रेघ लावा, आणि येणाऱ्या मोसमाच्या अखेरीस तो टायर त्या रेघेच्या पलीकडे जाणार असेल, तर मोसम सुरू होण्याआधीच बदला. मध्येच, परक्या रस्त्यावर टायर शोधायची पाळी आली, तर मोटरहोमचं माप हाताशी मिळेलच असं नाही, आणि मिळेल तो टायर घ्यावा लागतो.

सगळे एकदम बदलायचे का? एक्सलवरचे तरी एकदम बदला. जोडीतले दोन टायर वेगवेगळ्या व्यासाचे असले, तर मोठा जास्त वजन वाहतो आणि लहान रस्त्यावर घसटत राहतो. पैसे दोन हप्त्यांत घालायचे असतील, तर आधी पुढचा एक्सल. जुने टायर मागे टाकून चालवू, हा सल्ला तुम्हाला मिळेलच. मागे टायर फुटला की नक्षीचा पट्टा चाबकासारखा फिरतो आणि चाकाच्या खोबणीतल्या वायरी, पाण्याचे पाइप, कधी गॅसची नळीसुद्धा उडवतो. वरची लाकडी जमीनही फुटते. टायरवर वाचवलेल्या रकमेत ती दुरुस्ती होत नाही.

फुटलाच, तर ब्रेक दाबू नका. स्टिअरिंग घट्ट, गाडी सरळ, ॲक्सिलरेटरवरचा पाय झटकन उचलायचा नाही. गाडी सावरली की पाय हळूहळू सोडत, बाजूला घेत थांबवा.

पायरी ७ : नवे बसवताना

माप तेच, भार-क्रमांक आधीच्यापेक्षा कमी नको. आधी सीपी असतील तर सीपीच घ्या. साधे मालवाहू व्हॅनचे टायर त्याच मापात मिळतात, पण महिनोन्‌महिने भरल्या वजनावर उभं राहायला सीपीची बांधणी जास्त मजबूत असते. व्हॉल्व्हही बदलून घ्या. कारचे साधे रबरी व्हॉल्व्ह साधारण ४.५ बारपर्यंतचे असतात, त्यामुळे ५.५ बारला धातूचेच हवेत. पाच रुपयांचा व्हॉल्व्ह तुटून नवा टायर वाया गेलेला मी पाहिलाय. बॅलन्सिंग, अलाइनमेंट नेहमीप्रमाणे. ऐंशी-शंभर किलोमीटर चालल्यावर चाकांचे नट टॉर्क पान्याने, म्हणजे ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने, पुन्हा आवळायचे. हे टायरवाला सांगतोच, आणि आपण विसरतोच.

नव्यांचं वय हळू वाढावं म्हणून गाडी उभी करताना टायरांवर पांढरं किंवा फिकट आवरण घाला, हवा पूर्ण ठेवा, दोन-तीन महिन्यांनी गाडी थोडी फिरवून आणा. डांबरावर किंवा तेलकट जमिनीवर उभी राहत असेल तर चाकाखाली फळ्या घाला, पण फळी टायरच्या पूर्ण टेकणीपेक्षा मोठी हवी, जोडीतले दोन्ही टायर तिच्यावर बसायला हवेत. अर्धा टायर फळीवर आणि अर्धा हवेत राहिला तर फळी नसलेली बरी. जनरेटर, वेल्डिंग किंवा मोटर चालणाऱ्या शेडमध्ये उभी करू नका, तिथे ओझोन तयार होतो.

आणि दुकानात टायर रिमवर चढवण्याआधी, सगळे जमिनीवर आडवे असतानाच, चार आकडे स्वतः वाचा. सहा महिन्यांपेक्षा जुना असेल तर दुसरा मागा. दुकानदार "रबरच आहे, दूध थोडंच आहे नासायला" म्हणेल. हसून दुसरा मागा. टायरला फिरण्याची ठरावीक दिशा नसेल, तर आणखी एक सांगा: बाहेरच्या टायरचे आकडे बाहेरच्या बाजूला आणि आतल्याचे गाडीच्या पोटाकडे ठेवायचे. दोन टायरांच्या फटीत गेलेले आकडे पुढची सात वर्षं कुणालाच वाचता येत नाहीत.